औषधाची पेटी आणि आपली बेण्याची पेटी
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



गेल्या पूर्वहंगामी लागणीसाठी आपल्या कारखान्याच्या बेणे प्रक्रिया पेटीतून जी टिपरी मूलभूत बेणे मळ्यांना गेली, त्यांपैकी काही प्लॉटची उगवण विरळ झाली आणि पुढे काही बेटांत गवताळ वाढही दिसली, हे आपणांस ठाऊक आहेच. पेटीतून काढलेले बेणे म्हणजे रोगमुक्त बेणे असे आम्ही शेतकी खात्याचे लोक गटागटांतून सांगत फिरतो. त्यामुळे गट सभेत एक वडीलधारे सभासद उठून म्हणाले, “साहेब, तुमच्या पेटीत बेणं शिजतं, का नुसतं ऊब घेऊन बाहेर येतं?” सगळे हसले. मीही हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण प्रत्येक खेपेच्या रजिस्टरवर तापमान ५४ आणि आर्द्रता ९८ टक्के असे लिहिलेले आहे आणि त्याखाली सही माझी आहे.

या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते ऊस न पिकणाऱ्या मुलखात, म्हणून हा लेख थोडा लांबून सुरू करतो.

श्रावणात भाच्याच्या मुलीच्या बारशासाठी पालघर जिल्ह्यात पाम या गावी जाण्याचा योग आला. दादरहून विरार गाठले की पुढे डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल जाते. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. बोईसरला उतरले की तारापूरची औद्योगिक वसाहत, आणि तिच्या शेजारचेच पाम. तारापूर हे नाव आपण शाळेत अणुवीज केंद्रामुळे पाठ केलेले असते (ते १९६९ साली सुरू झाले). पण वसाहतीत औषधांचे आणि रसायनांचे कारखानेही पुष्कळ आहेत. आमचा भाचा अशाच एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम करतो.

त्याच्या घरी पोहोचल्याबरोबर माठातले पाणी प्यालो. पाणी कोमट! आपल्याकडे चैत्रात, बाहेर ऊन रणरणत असताना, माठातले पाणी दातांना लागते. इथे तर बाहेर पाऊस, हवा निवांत, तरी माठ थंड नाही. बहिणीला मी सहज म्हटले, “अगं, माठ बदल, जुना झालाय.” त्यावर भाचा म्हणाला, “मामा, माठ कालच आणलाय. माठाचा दोष नाही, हवेचा आहे. हवेत पाणी मावायला जागाच नाही, मग माठातलं पाणी उडणार कुठे?”

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्यावरच उभा आहे.

दुसऱ्या दिवशी रीतसर परवानगी काढून, डोक्याला टोपी आणि पायांत पिशव्या घालून त्याने मला त्याचे खाते दाखवले. एका खोलीत ओळीने स्टीलची मोठाली कपाटे. त्यांना ते ‘चेंबर’ म्हणतात. आत जाळीच्या फळ्या, फळ्यांवर गोळ्यांच्या पट्ट्या आणि सरबतासारख्या औषधांच्या बाटल्या. प्रत्येक चेंबरच्या दारावर दोन आकडे पेटलेले. एकावर २५ आणि ६०, दुसऱ्यावर ३० आणि ७०, तिसऱ्यावर ४० आणि ७५. पहिला आकडा तापमानाचा, दुसरा आर्द्रतेचा.

औषधाच्या पाकिटावर ‘अमुक महिन्यापर्यंत वापरावे’ असे छापलेले असते. ती तारीख कोणी अंदाजाने घालत नाही. औषध या चेंबरात ठेवून, ठरावीक महिन्यांनी बाहेर काढून तपासावे लागते. जगाचे हवामानाप्रमाणे भाग पाडले आहेत. थंड देशासाठी निराळे आकडे, उष्ण दमट देशासाठी निराळे. आपल्या भारतासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ३० अंश आणि ७० टक्के असे आहे. ४० आणि ७५ हा घाईचा हिशेब. उष्णता वाढली की बिघाडही वेगाने होतो, म्हणून सहा महिने या कडक हवेत ठेवून पुढचा अंदाज बांधतात. अ‍ॅस्पिरिनच्या जुन्या गोळ्यांना कधी कधी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो दमटपणाचाच प्रताप. हवेतील पाणी गोळीत शिरते, गोळीचे दोन तुकडे पाडते आणि त्यांतला एक असतो व्हिनेगरचे आम्ल.

यंत्रांचे सुटे भाग, वीजमंडळे यांच्या परीक्षेसाठीही अशाच पेट्या असतात. त्या शून्याखाली चाळीस-सत्तर अंशांपर्यंत उतरतात आणि तिथे एका कॉम्प्रेसरने भागत नाही. दोन कॉम्प्रेसर एकापाठोपाठ जोडून, एकाने दुसऱ्याची उष्णता उचलायची अशी रचना करतात. आपल्याला तिथपर्यंत जायचे कारण नाही.

आता ही पेटी गार कशी होते ते पाहू. ज्या सभासदाने आपल्या कारखान्याचे बॉयलिंग हाऊस पाहिले आहे त्याला हे समजायला दोन मिनिटे पुरेत. रस आटवताना शेवटच्या बॉडीत तो १०० अंशांवर उकळत नाही, ५५-६० अंशांवरच उकळतो. कारण तिथे व्हॅक्यूम असतो. दाब कमी केला की द्रव कमी उष्णतेवर उकळतो, दाब वाढवला की उकळायला जास्त उष्णता लागते. आणि दुसरी गोष्ट, उकळताना द्रव आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, हे बॉयलरवरचा माणूस झोपेतही सांगेल.

बस्स, रेफ्रिजरेशन म्हणजे हेच. फरक इतकाच की पाण्याऐवजी असा पदार्थ घेतात जो मुळातच थंडीत उकळतो. भाच्याच्या चेंबरात आर-१३४ए नावाचा वायू आहे. उघड्या हवेत तो शून्याखाली २६ अंशांवर उकळतो. चेंबरच्या आतल्या कॉईलमध्ये त्याच्यावर हवेच्या दाबाच्या सुमारे साडेतीन पट दाब ठेवला, तर तो ५ अंशांवर उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो आणणार कुठून? कॉईलवरून पंख्याने फिरणाऱ्या हवेतून. हवा गार होते आणि द्रवाची वाफ होते. ती वाफ कॉम्प्रेसर ओढून दाबतो, साडेअकरा पट दाबावर नेतो. त्या दाबावर तोच पदार्थ ४५ अंशांवर पुन्हा द्रव व्हायला तयार असतो, म्हणजे बाहेरची ३०-३५ अंशांची हवासुद्धा त्याला ‘गार’ वाटते. मागच्या बाजूच्या कंडेन्सरमध्ये तो आतून आणलेली उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो. पुढे एका बारीक छिद्रातून त्याला सोडले की दाब एकदम उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू. थंडी कुठून येत नाही, उष्णता बाहेर नेली जाते. विहिरीवरच्या मोटेने पाणी वर काढावे तशी.

म्हणूनच चेंबरच्या पाठीमागे उभे राहिले की गरम वाफारा लागतो. भाच्याची मोठी कटकट तिथेच आहे. समुद्राजवळची खारी हवा कंडेन्सरचे पातळ पत्रे खाते, धूळ बसते, मग उष्णता बाहेर जात नाही आणि कॉम्प्रेसर दमतो. दर पंधरवड्याला पत्रे साफ करायचा त्याने नेम केला आहे.

इथे एक गंमत सांगतो. या धंद्यातही ‘टन’ आहे. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे २००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल तेवढे काम, ताशी सुमारे ३०२४ किलोकॅलरी. भाच्याने ‘दीड टनाचं मशीन’ म्हटल्यावर मी आपला वजनकाट्याच्या हिशेबाने त्या यंत्राकडे बघत राहिलो.

वायूबद्दलही एक शब्द. पूर्वी सगळीकडे आर-१२ असे. त्याने वातावरणातील ओझोनचा थर फाटतो असे निदर्शनास आल्यावर १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला, भारत त्यात १९९२ साली सामील झाला आणि तो वायू मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तोही मागे नाही, म्हणून २०१६ च्या किगाली येथील ठरावाप्रमाणे त्याचाही वापर हळूहळू उतरवायचा आहे. असो.

गार करणे हा निम्माच भाग झाला, आणि सोपा भाग. खरे कौशल्य दमटपणा सांभाळण्यात आहे.

हवा ही एक गाडी समजा आणि पाण्याची वाफ हा तिच्यातला माल. पण ही गाडी उष्णतेप्रमाणे लहान-मोठी होते. १० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर ९.४ ग्रॅम वाफ मावते. २० अंशांवर १७.३ ग्रॅम, ३० अंशांवर ३०.४, ४० अंशांवर ५१. म्हणजे दहा अंश वाढले की गाडी जवळजवळ पावणेदोन पट मोठी. आपण ज्याला ‘आर्द्रता ७० टक्के’ म्हणतो, त्याचा अर्थ हवेत ७० टक्के पाणी असा नव्हे. गाडी जेवढी आहे तिच्या ७० टक्के ती भरली आहे, एवढाच. माल तोच राहिला आणि गाडी लहान झाली, तर टक्केवारी आपोआप चढते. पहाटे दव पडते ते यामुळेच. रात्री हवा गार होते, गाडी आखडते, शंभर टक्के भरते आणि उरलेला माल उसाच्या पानांवर सांडतो. ज्या अंशावर सांडायला सुरुवात होते तो दवबिंदू.

आता श्रावणातले बोईसर घ्या. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के. म्हणजे घनमीटरला सुमारे २६ ग्रॅम पाणी. चेंबरात हवे आहे २५ अंश आणि ६० टक्के, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम. हवा नुसती २५ अंशांपर्यंत गार केली तर काय होईल? २५ अंशांच्या गाडीत मावतात २३ ग्रॅम. तीन ग्रॅम सांडतील आणि चेंबर शंभर टक्के दमट होऊन बसेल! हवे होते त्याच्या उलट. म्हणून हवेला आधी पार साडेसोळा-सतरा अंशांपर्यंत खाली न्यायचे, तिथे जादा पाणी कॉईलवर थेंब होऊन गळू द्यायचे, आणि मग हीटरवरून नेऊन तिला पुन्हा २५ अंशांवर आणायचे. आधी गार, मग गरम. मला वाटले, ही कसली उधळपट्टी! पण दुसरा सोपा मार्ग नाही.

अमेरिकेत विलिस कॅरियर नावाच्या अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवा गार करणारी पहिली यंत्रणा आखली, ती याच कामासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगीत छपाई एकावर एक बसायची नाही. माणसाला गारवा हा नंतरचा लाभ, आधी कागदाचा दमटपणा.

ही पाणी गाळणारी कॉईल शून्याखाली जाऊ देत नाहीत. गेली तर थेंबांचा बर्फ होतो, बर्फाची गोधडी कॉईलवर चढते आणि हवा तिला शिवतच नाही. म्हणून गार करायला एक कॉईल आणि कोरडे करायला दुसरी, थोडी कमी थंड, असे चांगल्या चेंबरात निराळे ठेवतात.

दमटपणा कमी पडला तर वाफ सोडतात. एका लहान भांड्यात पाणी तापवून त्याची वाफ पंख्यासमोर. या भांड्यात नळाचे पाणी चालत नाही, क्षार काढलेले पाणीच लागते. कारण विचारण्याची मला गरज पडली नाही. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना धरणारा थर खरवडताना आपल्या कारखान्यात काय होते ते मी पाहिलेले आहे.

मी विचारले, “मग थंडी आणि उष्णता दोन्ही एकदम चालू? एक बंद करून दुसरं लावावं की.” भाचा म्हणाला, “मामा, कॉम्प्रेसरला घडीघडी बंद-चालू केलं की तो मरतो. एकदा थांबला की आतला दाब समान व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात. तेवढ्यात आतली हवा चढते. म्हणून थंडी सतत चालू ठेवायची आणि हीटर कमी-जास्त करून काटा मधोमध धरायचा.” बैलजोडीतला एक बैल ओढीचा आणि दुसरा दाबाचा असला की नांगर सरळ जातो, तसे काहीसे. आकडा दोन अंशांच्या आत आणि आर्द्रता पाच टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर घंटा वाजते आणि वहीत कारण लिहावे लागते. वीज गेली तर जनरेटर. चेंबरच्या कोपऱ्याकोपऱ्यांत आणि मध्यभागी वेगवेगळे मापक ठेवून सगळीकडे सारखीच हवा आहे की नाही, हेही तपासून ठेवलेले असते.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळे यंत्र ज्याच्या सांगण्यावर चालते तो मापक. नव्या चेंबरांत नखाएवढा विजेचा मापक असतो, तो दमटपणा शोषतो आणि तसा आकडा दाखवतो. पण एका कोपऱ्यात एक जुने चेंबर होते, त्यात दोन थर्मामीटर शेजारी-शेजारी. एक कोरडा. दुसऱ्याच्या गोळ्यावर मलमलीची वात गुंडाळलेली आणि वातीचे टोक पाण्याच्या बाटलीत. हा ओला थर्मामीटर म्हणजे इवलासा माठ! वातीतले पाणी उडते, गोळा गार होतो. हवा जितकी कोरडी, तितका तो जास्त गार. दोघांतला फरक पाहून कोष्टकातून आर्द्रता काढायची. कोरडा ३० आणि ओला साडेपंचवीस, तर आर्द्रता सुमारे ७० टक्के. दोघे सारखे, तर १०० टक्के.

मी ते पाहिले आणि म्हणालो, “अरे, आमच्या बेण्याच्या पेटीत हेच आहे.” भाच्याने सरळ विचारले, “वात कधी बदलता?”

सभासद बंधूंनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

“वात सुकली, मेणचटली किंवा तिच्यावर चुना चढला की ती पाणी ओढत नाही,” तो म्हणाला. “मग ओला थर्मामीटर ओला राहतच नाही. दोन्ही आकडे सारखे होतात. मशीनला वाटतं, शंभर टक्के दमट आहे. ते वाफ बंद करतं. आत सगळं कोरडं आणि बाहेर आकडा झकास!”

परत आल्या दिवशी एस.टी.तून उतरून घरी न जाता मी पेटीकडे गेलो. बाटलीत बोअरचे पाणी होते. वात हाताला काडीसारखी कडक लागली, खालचे टोक ओले आणि गोळ्याजवळ पांढरा खडखडीत चुना. नवी मलमल उकळून घेतली, बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी बाटलीत भरले, पेटी रिकामीच ५४ अंशांवर नेली. ओला काटा कोरड्याच्या कितीतरी खाली उतरला आणि इतका वेळ बंद राहणारा वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप उघडला.

आता हे उसाच्या दृष्टीने किती गंभीर आहे ते पाहा. बेण्यातील गवताळ वाढीचा रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो. तो कांडीच्या आत, अन्नवाहिन्यांत असतो. वरून औषध मारून तो जात नाही. म्हणून ५४ अंशांची बाष्पयुक्त उष्ण हवा अडीच तास, असा उपाय आहे. आर्द्रता ९५ ते ९९ टक्के. पुष्कळांना वाटते, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटत होते, की उष्णता महत्त्वाची आणि ओलावा केवळ डोळे वाळू नयेत म्हणून. तसे नाही. दमट हवेतील वाफ गार कांडीवर येऊन बसते, तिचे पाणी होते आणि पाणी होताना ती आपली उष्णता कांडीला देऊन टाकते. त्यामुळे गाभा लवकर आणि सारखा तापतो. उलट हवा कोरडी असेल तर कांडीच्याच कापलेल्या तोंडातून पाणी उडू लागते आणि कांडी माठासारखी स्वतःला गार ठेवते. हवा ५४ अंशांवर पण आर्द्रता पन्नासच टक्के असेल, तर ओले फडके ४२ अंशांच्या पुढे तापणार नाही. कांडी म्हणजे काही ओले फडके नव्हे, पण जितके पाणी ती सोडते तितकी ती ५४ च्या मागे राहते. मग आत रोग जिवंत आणि बाहेर डोळा सुकलेला. एकाच चुकीने उगवणही गेली आणि रोगही राहिला. गट सभेतल्या त्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न शब्दशः बरोबर होता, बेणे नुसते ऊब घेऊन बाहेर येत होते.

आणखी एक हिशेब मी कोष्टकावरून काढला तो असा. ५४ अंशांवर ओल्या-कोरड्या काट्यांत एक अंशाचा फरक म्हणजे आर्द्रता ९५ टक्के. दोन अंशांचा फरक, ९०. तीन अंशांचा, ८५. म्हणजे एक अंश चुकला की पाच टक्के गेले. आपली सगळी मर्यादाच एका अंशाच्या आत आहे. चुना चढलेली वात एवढी चूक सहज करते.

खूण तर डोळ्यांसमोर होती. पेटी नवीन असताना टिपरी बाहेर काढली की घामेजलेली, चिंब ओली असायची. हमाल कुरकुरायचे, हात पोळतात म्हणून. अलीकडे टिपरी कोरडी ठणठणीत निघायची आणि सगळे खूश होते, मीसुद्धा. आकड्याकडे पाहत बसलो आणि कांडीला हात लावला नाही.

सगळा दोष वातीवर ढकलून मी मोकळा होत नाही. गवताळ वाढ तुडतुडे एका शेतातून दुसऱ्या शेतात नेतात, त्यामुळे चांगले बेणे लावूनही शेजारच्या रोगट खोडव्यातून ती येऊ शकते. काही प्लॉटांत तसे घडले असणे शक्य आहे. परंतु उगवण विरळ होण्याचे खापर तुडतुड्यांवर फोडता येणार नाही. ज्या सभासदांचे प्लॉट बिघडले त्यांच्या बांधावर मी स्वतः जाऊन हे सर्व सांगितले आहे आणि बदली बेण्याचा प्रस्ताव कार्यकारी संचालकांकडे लेखी दिला आहे.

पेटीच्या कामात आता पुढील बदल केले आहेत. प्रत्येक खेपेला नवी, उकळलेली वात आणि बाटलीत फक्त डिस्टिल्ड पाणी. खेप सुरू करण्यापूर्वी दोन्ही थर्मामीटर कोरड्या स्थितीत एकत्र ठेवून सारखे दाखवतात की नाही ते पाहणे. अडीच तासांचा हिशेब हवा ५४ अंशांवर आल्यापासून नव्हे, तर मधल्या ट्रेमधल्या एका जाड कांडीत खुपसलेला थर्मामीटर ठरल्या अंशांवर आल्यापासून धरणे. मधेच वीज गेली आणि तापमान उतरले, तर ती खेप बेणे म्हणून द्यायची नाही. ट्रे खच्चून भरायचे नाहीत, हवा खेळली पाहिजे. बाहेर काढल्यावर टिपरी ओली आहेत की नाही हे रजिस्टरात वेगळ्या रकान्यात लिहायचे. प्रक्रियेनंतर बुरशीनाशकात बुडवणे पूर्वीप्रमाणेच.

विजेचा मापक घेण्याचाही विचार आहे, पण तोही आंधळेपणाने मानायचा नाही. त्याची परीक्षा घेण्याची भाच्याने दाखवलेली रीत मजेदार आहे. बरणीत साधे मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतके पाणी घालायचे, मापक मिठाला न लागता वर टांगायचा आणि तोंड घट्ट बंद करून काही तास ठेवायचे. बरणीतली हवा आपोआप ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. खोली २५ अंशांवर असो की ४०, फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. मापक ७५ दाखवत नसेल तर मापक चुकला, मीठ चुकत नाही. घरच्या गोदामात दमटपणा मोजणारे घड्याळ ठेवणाऱ्या सभासदांनीही हा प्रयोग करून पाहावा.

नव्या पद्धतीने काढलेल्या पहिल्या खेपेतील शंभर डोळे आणि त्याच उसाचे प्रक्रिया न केलेले शंभर डोळे कारखान्याच्या रोपवाटिकेत शेजारी-शेजारी लावले आहेत. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्याची उगवण मोजून आकडे जसे येतील तसे सर्व गट कार्यालयांच्या फळ्यावर लावले जातील. बेणे मळ्यासाठी नोंदणी ते आकडे पाहूनच करावी, आधी करू नये. पेटी पाहण्यासाठी खेपेच्या दिवशी सकाळी आठ वाजता येणाऱ्या सभासदांना मज्जाव नाही. येताना हातरुमाल आणावा, टिपरी हातात घेऊन पाहायची आहेत आणि ती आता ओली असतात.